पाळीची वही आणि थर्मामीटर

सातारा-सांगलीच्या वस्त्यांत आम्ही आरोग्य बैठका घेतो, तेव्हा दिवस राहत नाहीत म्हणून आलेली सून हमखास मागे थांबते. सोबत सासू असते, नवरा नसतो.

आम्ही तिला वही घालायला सांगतो. जाग आली की अंथरुणातून उठण्याआधी थर्मामीटर जिभेखाली धरावा, आकडा तारखेसह लिहावा. स्त्रीबीज सुटल्यावर तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट वाढते आणि पाळीपर्यंत चढेच राहते. सलग तीन दिवस चढ दिसला, तर बीज सुटून गेले. होय, गेले! ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकते. म्हणून चढाच्या आधीचे पाच-सहा दिवस मोलाचे; दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून त्यांचा अंदाज येतो.

पहाटेच फडात जाणाऱ्या ऊसतोड भगिनींची झोपच पुरी होत नाही, त्यांचा आकडा फसवतो. त्यांनी अंगावरचे पाणी पाहावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे, ताणले जाणारे दिसले की ते दिवस आले.

हे बोलायला लाज कसली? वाचकांच्या अशाच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’मध्ये उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेबच त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर वही घेऊन सिव्हिलला जा. नवऱ्याला सोबत न्याच. त्याची वीर्यतपासणी सोपी असते; त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा.