फोनवरील धडा व फोनवरील अफवा

मोबाइल फोन ही शाळा समजावी की बाजार, असा प्रश्न गावोगावचे बंधू आम्हांस विचारतात. तो दोन्ही आहे, आणि ह्याची साक्ष एकट्या सोलापूर जिल्ह्यातून मिळते.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड, म्हणजे काळ्या ठिपक्यांचे चौकोनी चिन्ह, जोडले. त्या चिन्हात धडा नसतो, केवळ धड्याचा पत्ता असतो; फोनने ते टिपले की कविता ऐकू येते अथवा चित्रफीत दिसते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ही चिन्हे आली, व २०२० साली गुरुजींस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. (त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हेही मुलांस सांगावे.) अडचण एवढीच की पुष्कळ घरी फोन एक, तो बापाबरोबर शेतावर जातो, आणि मुलीची पाळी सर्वांच्या शेवटी येते. अशा घरी सायंकाळचा एक तास मुलांसाठी, आणि त्यातही मुलीसाठी आधी, राखावा असा आमचा आग्रह आहे. धडा एकदा उतरवून ठेवला म्हणजे रेंज नसतानाही चालतो.

आता बाजाराची बाजू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या वर्षी देशात फिरलेली, मूल उचलून नेण्याची एक चित्रफीत तर मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचाराची होती. मूल परत आणून सोडल्याचा भाग कोणी तरी कापून टाकला होता! त्याच जुलैत कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आमच्या मते पाच हीही थोडी संख्या नव्हे. पाचांनी पाचांस धाडले की पंचवीस, आणि त्यांनी धाडले की सवाशे.

पुढील सभेपूर्वी प्रत्येक पंतोजीने आपल्या फोनवर आलेला असा एक संदेश निवडावा व लोकांसमक्ष विचारावे: हा प्रथम कोणी लिहिला? कोणत्या दिवशी? त्यातील गावी आपल्या ओळखीचे कोण आहे, की ज्यास आजच फोन करून खरेखोटे विचारता येईल? मग तो फोन तेथेच, सर्वांच्या देखत, करावा.