पॅरिसमध्ये फ्रेंच सिनेमा बघताय? तिकिटावरचा वरखर्च आधी पाहा

शिक्षण किंवा नोकरीसाठी पॅरिसला गेला असाल, तर मोठ्या मल्टिप्लेक्सच्या पूर्ण तिकिटापासून दूर राहा. ते 15 युरोच्या आसपास जातं. बार्बेस मेट्रोजवळचं लुक्सोर किंवा लॅटिन क्वार्टरमधली छोटी थिएटरं बरीच स्वस्त. नवे सिनेमे बुधवारी लागतात. सकाळचे खेळ अनेक ठिकाणी कमी दरात असतात. विद्यार्थी सवलत हवी तर चालू वर्षाचं ओळखपत्र जवळ ठेवा. 14 वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी कमी दर असतो. मार्चमधला ‘प्रँतां द्यु सिनेमा’ आणि जूनअखेरीच्या सुमारास येणारा ‘फेत द्यु सिनेमा’ या सवलतीच्या दिवसांत अलीकडे सरसकट 5 युरोच घेतात. तारखा नोंदवून ठेवा.

खरी मेख आहे ती ‘हवे तितके सिनेमे’ पासात. महिन्याला 20 युरोंहून जास्त रक्कम बँक खात्यातून परस्पर वळती होते. त्यासाठी ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: किमान किती महिने अडकायचं, आणि नोंदणीचे वेगळे पैसे किती? एकाच सत्रासाठी आला असाल तर हा पास घेऊच नका. छोट्या थिएटरांचं पाच तिकिटांचं कार्ड पुरतं, फक्त त्याची मुदत बघा. थ्रीडी चष्मा आणि खास पडद्याचे पैसे वेगळे लागतात.

फ्रेंच सिनेमाला तिथे इंग्रजी सबटायटल्स क्वचितच असतात. जेमतेम फ्रेंच येत असेल तर वेळापत्रकात ‘एसएमई’ लिहिलेले खेळ शोधा. ते कर्णबधिरांसाठी फ्रेंच सबटायटल्ससह दाखवतात. तिकीट तेच, आणि भरभर बोललेले संवाद वाचता येतात.

सुरुवात कशाने करावी? बोरिस लोजकिनचा ‘लिस्त्वार द सुलेमान’ (2024) बघाच. गिनीहून आलेला सुलेमान सायकलवरून जेवण पोहोचवतो. डिलिव्हरीचं खातं दुसऱ्याच्या नावावर, त्यामुळे कमाईतला वाटा त्याला द्यायचा. आश्रयाच्या मुलाखतीत सांगायची पढवलेली गोष्टसुद्धा विकत घ्यायची. रात्रीच्या निवाऱ्याची बस चुकली की झोपायची पंचाईत. पर्यटकाला न दिसणारं पॅरिस इतकं जवळून दुसरीकडे क्वचित भेटतं. त्यानंतर लाज लीचा ‘ले मिझेराब्ल’ (2019) बघा, मोंफर्मेय उपनगरातल्या पोलिसांचा आणि पोरांचा.

हे दोन्ही आता घरीच भाड्याने बघा, काही युरोंत काम होतं. पैसे भरण्याआधी सबटायटल्सची भाषा तपासा आणि ‘खरेदी’ऐवजी ‘भाडे’ निवडलंय ना, ते बघा. एकदा सुरू केलेला सिनेमा साधारण 48 तासच चालतो.