संगणकीय छाननी आणि उमेदवाराचे परिचयपत्र

वास्को हे गोव्यातील नोकरी शोधणाऱ्यांचे जुने ठिकाण. मुरगाव बंदर, १९५७ साली स्थापन झालेली व आज गोवा शिपयार्ड या नावाने ओळखली जाणारी गोदी, झुआरीनगरचा खत कारखाना, दाबोळी विमानतळ आणि नजीकची वेर्णा औद्योगिक वसाहत यांमुळे पेडणे व डिचोली तालुक्यांतील तरुणही येथे अर्ज करीत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०१८ च्या आदेशांमुळे खाणकाम थांबले, तेव्हा डिचोलीतील यंत्रचालक, टिपरचालक व फिटर यांना नव्या कामाचा शोध घ्यावा लागला. जानेवारी २०२३ पासून मोप येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातच नव्या प्रकारच्या नोकऱ्या उपलब्ध झाल्या.

या काळात अर्जाची वाटही बदलली. अनेक मोठ्या खाजगी आस्थापनांत अर्ज संगणकावरून स्वीकारले जातात आणि त्यांचे पहिले वाचन संगणकाची आज्ञावली करते. हाताला कसब असूनही केवळ कागद नीट न मांडल्यामुळे उमेदवार मागे पडू नये, यासाठी ही पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे.

छाननी कशी होते?

ही आज्ञावली परिचयपत्रातील, म्हणजेच बायोडाटातील, मजकूर वेगळा काढते आणि नाव, दूरध्वनी, शिक्षण, अनुभव व कौशल्ये अशा रकान्यांत भरते. त्यानंतर जाहिरातीत मागितलेल्या अर्हतेशी त्याची तुलना होते. बऱ्याच ठिकाणी यंत्र अर्ज नाकारीत नाही. ते अर्जांचा क्रम लावते, किंवा अधिकाऱ्याने विशिष्ट शब्द दिल्यास तो शब्द असलेले अर्ज पुढे ठेवते. शेकडो अर्जांत जो तळाशी राहिला, तो वाचला जाईलच याची शाश्वती नसते.

अर्जासोबतच्या प्रश्नांचे मात्र तसे नाही. ‘अवजड वाहनाचा वैध परवाना आहे काय?’ अशा प्रश्नास चुकून ‘नाही’ असे उत्तर दिल्यास अर्ज तेथेच बाद होऊ शकतो. म्हणून हे प्रश्न दोनदा वाचूनच उत्तरे द्यावीत.

शब्द जाहिरातीचे, अनुभव स्वतःचा

अनुभवी अधिकारी अर्जदाराच्या मोघम वाक्यातूनही त्याचे काम ओळखतो. यंत्राकडून ती अपेक्षा धरता येत नाही. समजा, डिचोलीच्या एखाद्या कामगाराने ‘खाणीवर मशीनवर होतो, अनुभव भरपूर’ एवढेच लिहिले, तर त्यातून यंत्रास काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर ऑपरेटर, जून २०१५ ते फेब्रुवारी २०१८, खनिज भरणे, यंत्राची दैनंदिन तपासणी, किरकोळ दुरुस्ती’ असे लिहिल्यास तोच अनुभव मोजता येतो. जाहिरातीत ‘मेंटेनन्स फिटर’ हा शब्द असेल आणि उमेदवाराने तेच काम केले असेल, तर तोच शब्द वापरावा. आयटीआयसारखे संक्षिप्त रूप आणि त्याचे पूर्ण नाव, दोन्ही एकदा लिहावीत. महिना अक्षरांत लिहावा; नुसत्या अंकांत दिवस व महिना यांची गल्लत होते.

नाव व गाव यांची एकवाक्यता

गोव्यात ही अडचण विशेष आहे. मराठीतील पेडणे इंग्रजी कागदांवर ‘पेर्नेम’ होते, डिचोलीचे ‘बिचोलिम’ होते, आणि मुरगाव तर दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. माणसास हे एकच गाव कळते. यंत्र ते निरनिराळे समजू शकते. यासाठी इंग्रजी परिचयपत्रात जाहिरातीतील रूप सर्वत्र कायम ठेवावे. उमेदवाराचे नाव शालान्त प्रमाणपत्र, आधारपत्र व अर्ज यांत एकसारखे असावे. फरक असल्यास तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा.

मांडणी साधी असावी

दोन स्तंभ, चौकटी, चित्रे व नक्षी यांमुळे मजकुराचा क्रम बिघडतो. पानाच्या अगदी वरच्या वा खालच्या पट्टीत लिहिलेला दूरध्वनी क्रमांक काही आज्ञावल्या वाचीतच नाहीत. छापील कागदाचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र हे यंत्राच्या दृष्टीने बहुधा चित्रच असते, मजकूर नव्हे. मराठी मजकूर युनिकोड लिपीत असावा; जुन्या टंकांतील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होतात.

याची परीक्षा घरी किंवा शाळेच्या संगणकावर घेता येते. तयार झालेल्या पीडीएफमधील सर्व मजकूर निवडून नोटपॅडमध्ये उतरवावा. तेथे तो शब्दशः व योग्य क्रमाने आला, तर यंत्रासही तो वाचता येईल असे समजण्यास हरकत नाही.

प्रामाणिकपणा आणि यंत्राच्या मर्यादा

जाहिरातीतील शब्द पांढऱ्या शाईत लपवून लिहिण्याची युक्ती काहीजण सुचवितात. मजकूर वेगळा काढताना तो उघडा पडतो, आणि खोटे कौशल्य मुलाखतीत टिकत नाही. दुसऱ्या बाजूने, यंत्र निःपक्षपाती असतेच असेही नाही. ॲमेझॉन कंपनीने प्रयोगादाखल तयार केलेली अशी एक आज्ञावली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखते असे आढळल्याने ती सोडून देण्यात आली. २०१८ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले. म्हणून नियोक्त्यांनीही यंत्राच्या यादीवर विसंबून न राहता मागे पडलेले काही अर्ज स्वतः पाहणे इष्ट होय.

सरकारी पदांसाठी मात्र जाहिरातीतील विहित अर्ज व अर्हता हाच आधार असतो. तेथे सेवायोजन कार्यालयातील नोंदणीसंबंधीची अटही पाहावी.

पंचायत कार्यालये व विद्यालये यांनी या कामी पुढाकार घ्यावा. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून एखादी खरी जाहिरात समोर ठेवून परिचयपत्र लिहून घ्यावे आणि नोटपॅडची परीक्षा करवून घ्यावी. ज्या कामगारांनी आयुष्यात कधी बायोडाटा लिहिला नाही, त्यांच्याजवळ बसून त्यांच्या कामाला नेमके नाव शोधून देणे, ही त्यांना होणारी मोठीच मदत ठरेल.