परतीचे पाणी

मुंबई शहराचा पूर्व किनारा आणि समोरचा उरण-मांडव्याचा किनारा यांच्यामधल्या बंदराच्या पाण्यात लहान शिडाच्या होडीतून केलेली कौटुंबिक सफर शाळेच्या सुट्टीला बांधलेली असते. तिच्यातले फजितीचे प्रसंग मात्र बहुतेक परतीच्या वाटेवर घडतात, कारण निघण्याची वेळ घरात ठरत असली तरी परतीची वेळ वारा आणि पाणी ठरवतात.

प्रथम वाऱ्याचा विचार करावा लागतो. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत सकाळी जमिनीकडून मंद मतलई वारा वाहतो, ऊन चढताच तो पडतो, आणि दुपारी समुद्राकडून, मुंबईत बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुरू होऊन तिसऱ्या प्रहरी जोर धरतो. मांडवा मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या आग्नेयेस, दक्षिणेकडे झुकून असल्यामुळे दुपारी तिकडे जाताना हा वारा पाठीशी राहतो, आणि होडी त्याच्याच दिशेने धावत असल्याने तो असतो त्याहून कमी भासतो: बारा नॉटच्या वाऱ्यात (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) चार नॉटने पळणाऱ्या होडीवरील माणसांना तो आठच नॉट वाटतो. परतताना त्याच वाऱ्याच्या रोखाने तिरके-तिरके, नागमोडी जावे लागते, अंतर वाढते, अंगावर येणारा वारा पंधरा नॉटच्या आसपास जातो, आणि जाताना गाणी म्हणणारी मुले तुषारांनी भिजून कुडकुडू लागतात. घारापुरी बेट गेटवेच्या ईशान्येस असल्याने तोच वारा जाता-येता दोन्ही वेळा बाजूने मिळतो. म्हणून नवख्या कुटुंबाने आरंभीच्या सफरी घारापुरीच्या दिशेने कराव्यात, हे मांडव्याचे आकर्षण मान्य करूनही सांगावेसे वाटते.

पाण्याचे गणित याहून नाजूक आहे. कोकणातील कोळी आणि खलाशी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास; अष्टमीला ती सहाच्या सुमारास, आणि ओहोटी बाराच्या. घरोघरी पंचांग असते, पण ते मुहूर्तासाठी उघडले जाते. दर्यावर जाणाऱ्याने ते यासाठीही उघडावे आणि नेमकी वेळ व उंची भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातून ताडून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग म्हणतात. नाताळची सुट्टी तारखेने येत असल्यामुळे तिच्यात कोणतीही तिथी पडू शकते. दिवाळी मात्र अमावास्येभोवतीच असते, आणि उधाणाचा कळस अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येत असल्यामुळे नेमक्या पाडवा-भाऊबीजेला पाणी सर्वांत जास्त चढते आणि तितकेच खोल उतरते.

प्रस्तुत विवेचनाला आधार असलेल्या एका सफरीत अशाच भाऊबीजेला घारापुरीजवळ जेवणासाठी नांगर टाकला होता. भरती दीडला पूर्ण झाली होती; ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत प्रत्येकी तीन भाग पाणी उतरते, म्हणजे चार मीटरच्या उतारात तिसऱ्या तासाला दर दहा मिनिटांनी जवळजवळ वीतभर. चारच्या सुमारास कील, म्हणजे होडीच्या तळाखालचा जड पंखा, चिखलाला लागला, होडी हळूहळू कलली, आणि फराळाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या चपला एका बाजूला घरंगळल्या. अशा वेळी उतरून किनाऱ्याकडे चालत जाण्याचा मोह होतो; तो टाळलाच पाहिजे, कारण बंदरातला गाळ मोठ्या माणसालाही मांडीपर्यंत गिळतो. होडी कलण्याआधीच सर्वांनी उथळ पाण्याच्या बाजूला बसावे, म्हणजे ती त्या बाजूला आडवी होते, आणि नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकावा, म्हणजे पुन्हा तरंगू लागलेली होडी आणखी आत ढकलली जात नाही. भरतीनंतर अडीच तासांनी रुतलेली होडी पुढच्या भरतीच्या साधारण अडीच तास आधी सुटते, म्हणजे या प्रसंगी रात्री साडेअकराच्या सुमारास. मात्र दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसल्यामुळे हा हिशेब थोडा पुढेमागे होतो. म्हणून स्वेटर, विजेरी आणि दुसऱ्या जेवणाइतके खाणे दुपारच्या सफरीतही बरोबर असावे.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचे आणि मांड्यांमधून पट्टा असलेले घ्यावे. तो पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि मूल खाली राहते. मोठ्या जहाजांच्या मार्गात शिडाच्या होडीला अग्रहक्क असतो ही समजूत चुकीची आहे: 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार अरुंद मार्गात होडीनेच जहाजाची वाट मोकळी ठेवायची असते. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओची सोळावी वाहिनी आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक उपयोगी पडतो, आणि तो मुलांनाही पाठ असावा. मेच्या उत्तरार्धात दर्याला उचल येऊ लागते, बाहेरून लांब लाटा बंदराच्या तोंडापर्यंत पोहोचतात, आणि 1 जूनपासून राज्यात मासेमारीबंदीही सुरू होते. तेव्हा शाळा उघडायला अवकाश असला तरी होडी मेच्या मध्यालाच किनाऱ्यावर ओढून घ्यावी.