दारू सोडणाऱ्याने कोणत्या सभेस जावे?

दारू सोडण्याचा निश्चय करणे ही एक गोष्ट. आणि धानाचे पैसे हाती आल्यावर आठवडी बाजारातून घरी परतताना तो निश्चय टिकविणे ही अगदी निराळी गोष्ट होय. आपल्या भंडारा जिल्ह्यात चैत्रात मोहाची फुले अंगणोअंगणी वाळत असतात, व ती कशाकशाच्या कामी येतात हे वाचकांस सांगावयास नको. अशा ठिकाणी सुटू पाहणाऱ्यास “तू एकटाच धीर धर” असे म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास वैनगंगेच्या पुरात लोटून काठावरून उपदेश करण्यासारखे आहे. त्यास सोबती पाहिजेत, आणि तेही त्याच पुरातून निघालेले.

परंतु सभेच्याही आधी वैद्य. जो रोज पुष्कळ पितो त्याने दारू एकाएकी बंद केली असता दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, फेफरे येणे, नाही ते दिसणे असे प्रकार होतात, व क्वचित प्राणही जातो. याला भूतबाधा समजू नये. त्यास तत्काळ भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे.

आता सभेविषयी. अशा मंडळांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपींचे मंडळ, हे विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा उगम आमच्या उपदेशक बंधूंनी नीट ध्यानात घ्यावा. सन १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ, ज्याने काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती, अमेरिकेतील ॲक्रन शहरी धंद्यात अपयश येऊन हॉटेलात खिन्न उभा होता. जवळच मद्याची बैठक भरली होती. तिकडे न वळता त्याने टेलिफोन करून वॉल्टर टंक्स नावाच्या पाळकास गाठले, आणि आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशी बोलावयाचे आहे असे सांगितले. पाळकाने त्यास काही नावे दिली. त्या मागाने दुसऱ्या दिवशी डॉ. रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यवैद्याची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांचे दोष न काढता स्वतःचीच कथा सांगत होता. त्याच वर्षीच्या १० जूनपासून मंडळ आपला आरंभ मोजते. भारतात त्याची सभा १९५७ साली मुंबईस सुरू झाली.

तेव्हा जेथे मनुष्य आपलीच हकीगत सांगतो व बाकीचे मधे न बोलता ऐकतात, ती सभा चांगली. तेथे फी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. काही सभा खुल्या असतात, त्यांत नातलगांस व उपदेशकांसही बसता येते. काही केवळ मद्यपींसाठी असतात. पहिल्या खेपेस खुली सभा शोधावी, म्हणजे नवख्यास सोबत देता येईल. जेथे पैसे मागतात, डॉक्टरांचे औषध बंद करावयास सांगतात, किंवा आतले बोलणे दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर ऐकू येते, तेथे पुन्हा जाऊ नये. मात्र केवळ पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे झाले म्हणून सभा सोडणे बरे नव्हे. चार-पाच वेळा बसून पाहावे. आपल्या झाडीबोलीत मन मोकळे करता येत असेल तर फारच उत्तम.

पुष्कळ जण म्हणतात, “जवळची सभा नको, ओळखीचे भेटतील, आम्ही नागपुरास जाऊ.” भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, साकोली-लाखांदूरच्या मनुष्यास त्याहून पुष्कळ दूर. मजुरी बुडवून व भाडे भरून तो दोनदा जाईल, तिसऱ्यांदा नाही. आणि ज्यास गावाने नाल्याकाठी पडलेला पाहिले, त्यास सभेत बसलेला पाहिल्याने कोणती अब्रू जावयाची? दर आठवड्यास जाता येईल तीच सभा त्याची.

स्त्रियांचा विचार आपल्याकडे मागे राहतो. मद्यप्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे निराळे मंडळ १९५१ साली निघाले. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रानेही, जे १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिले, रुग्णांच्या पत्नींचे दुःख ऐकण्याची सोय केली आहे. नवरा सभेस जावो वा न जावो, पत्नीने जावे.

कोणी विचारतील, तेथे देवाचे नाव प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावे असे आहे. मग विश्वासणाऱ्याने बसावे काय? आमच्या मते अवश्य बसावे. ॲक्रनची ती पहिली माणसे याकोबाचे पत्र व डोंगरावरील प्रवचन आवडीने वाचीत असत. दुसरे कोणी म्हणतात की आपली प्रार्थनासभा पुरे आहे. ती प्रिय आहे खरी. पण वडीलमंडळी समोर बसली असता “मी काल प्यालो” असे तेथे कोण म्हणतो?

जवळ सभा नसेल तर रुग्णालयात चौकशी करावी, अथवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर विनाशुल्क विचारावे. मोबाइलवरही सभा भरतात. तेही न जमल्यास ॲक्रनला दोघेच होते हे आठवावे. दोघांनी एक वार व एक वेळ ठरवावी. उपदेशकाने त्यांस शाळेची खोली उघडून द्यावी, कंदील ठेवावा, आणि आपण घरी जावे.