खडकावरचा मदनमहाल

प्रास्ताविक

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रायगड, प्रतापगड किंवा देवगिरी उभा राहतो. भक्कम तट, उंच बुरूज, महादरवाजा हे सारे आपण गृहीतच धरतो. परंतु काही गड अगदी लहान असतात. त्यांच्याविषयी लिहिलेले थोडे आणि सांगितले जाणारे पुष्कळ असते. असा गड कसा पाहावा? मध्य प्रदेशातील जबलपूर शहरालगतच्या गढा येथील मदनमहालाला दिलेल्या भेटीचे हे वर्णन आहे. ते वाचताना लेखकाने काय पाहिले, काय ऐकले आणि कशावरून अनुमान काढले, याकडे विशेष लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- ऐतिहासिक स्थळाचे वर्णन मुद्देसूदपणे करणे;
- वस्तुस्थिती, अनुमान आणि दंतकथा यांतील भेद ओळखणे;
- हा भेद दाखविणारी क्रियापदांची रूपे योग्य ठिकाणी वापरणे;
- पुरातन वास्तूंविषयीची आपली जबाबदारी सांगणे.

मूळ पाठ

(१)

जबलपूरला येणारा प्रवासी बहुधा भेडाघाटला जातो. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील संगमरवरी कडे आणि धुवाधार धबधबा पाहून तो तृप्त मनाने परततो. मदनमहाल हे नाव त्याने रेल्वे स्थानकाच्या पाटीवर वाचलेले असते, पण ज्या वास्तूवरून ते नाव आले तिच्याकडे त्याची पावले क्वचितच वळतात. आम्हीही दोनदा असेच परतलो होतो. तिसऱ्या खेपेस मात्र हिवाळ्यातील एका सकाळी गढ्याची टेकडी चढायला निघालो.

गढा आज जबलपूर शहराचाच एक भाग झाला आहे. मध्ययुगात मात्र गढा हेच राजधानीचे ठिकाण होते. येथील गोंड राज्याला मोगल काळातील इतिहासकारांनी गढा-कटंगा म्हटले. पुढे राजधानी मंडला येथे गेल्यावर गढा-मंडला हे नाव रूढ झाले. ज्या गावाच्या नावाने एवढे मोठे राज्य ओळखले जाई, ते गाव आता एका शहराची वस्ती होऊन राहिले आहे.

पायऱ्या चढू लागलो आणि आधी लक्ष वेधून घेतले ते येथील खडकांनी. एकावर एक रचून ठेवावेत तसे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे टेकडीभर पसरले आहेत. ते कोणी रचलेले नाहीत. जमिनीखाली असतानाच या खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी झिरपले, कडा व कोपरे झिजले आणि चौकोनी ठोकळे हळूहळू गोलसर झाले. भोवतीची माती वाहून गेल्यावर हे गोटे उघडे पडले. जवळच 'संतुलित शिला' म्हणून प्रसिद्ध असलेला खडक आहे. खालच्या खडकावर तो इतक्या थोड्या जागी टेकलेला आहे की हाताने ढकलला तरी घसरेल असे वाटावे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला मोठा भूकंप झाला. शहरात घरे कोसळली, माणसे दगावली. हा खडक मात्र जागचा हलला नाही.

(२)

माथ्यावर पोहोचलो आणि क्षणभर मन खट्टू झाले. एवढाच का हा गड? एका अजस्र शिलाखंडावर दगड-चुन्याची एक छोटी इमारत उभी आहे. वर जाण्यास पायऱ्या, मोजक्याच खोल्या, कमानी आणि गच्ची. समोर काही पडक्या बांधकामांचे अवशेष आणि पाण्याचे एक लहानसे टाके. राजसभा भरेल असे दालन नाही, की मोठी तटबंदी नाही.

जबलपुरात पिढ्यानपिढ्या राहणारे एक मराठी कुटुंब त्या वेळी तेथे आले होते. त्यांतील आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आमच्या मनातलाच प्रश्न विचारला, "आजोबा, राणी दुर्गावती एवढ्याशा खोलीत कशी हो राहत असेल?"

आजोबा हसले. म्हणाले, "राणी येथे राहत होती असे कुणी सांगितले तुला, बाळ? लोक म्हणतात, म्हणून खरेच मानायचे का? जरा गच्चीवर जाऊन सभोवार पाहा आणि मग मला सांग, येथे कोण राहत असावे."

मुलगी धावत वर गेली. आम्हीही तिच्या मागून गेलो. गच्चीवरून सारा मुलूख उघडा दिसत होता. एका बाजूस शहर, खाली गढ्याची वस्ती, पलीकडे टेकड्यांच्या रांगा. दूरवर कोठेही धूळ उडाली तर येथून दिसावी. थोड्या वेळाने ती खाली आली आणि म्हणाली, "आजोबा, येथे पहारेकरी राहत असावेत."

तिला उत्तर सापडले होते. खोल्या लहान, जागा उंच, दृष्टी चौफेर; खालच्या अवशेषांना लोक अश्वशाळा म्हणतात. या सगळ्याची संगती राजवाड्यापेक्षा टेहळणीच्या ठाण्याशी अधिक चांगली लागते. आमच्या मनातला 'एवढाच का?' हा प्रश्न तेथेच मावळला. टेहळणीच्या ठाण्याला भव्यता नव्हे, नजर हवी असते. आणि ती या वास्तूपाशी भरपूर आहे.

(३)

मदन शाह किंवा मदन सिंह नावाच्या गोंड राजाने ही वास्तू बांधली, अशी परंपरा आहे. ती तिला अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत मागे नेते. गढ्याच्या राजांची लांबलचक वंशावळ मंडल्याजवळच्या रामनगर येथील संस्कृत शिलालेखात कोरलेली आहे. तो लेख राजा हृदय शाहच्या काळातील, १६६७ चा आहे. म्हणजे आरंभीच्या राजांनंतर कित्येक शतकांनी तो लिहिला गेला. त्यामुळे त्यातील जुनी नावे इतिहासकार जपूनच स्वीकारतात.

सोळाव्या शतकात आल्यावर मात्र पायाखालची जमीन घट्ट होते. या शतकाच्या पूर्वार्धात संग्राम शाहने राज्याचा मोठा विस्तार केला. त्याच्या ताब्यात बावन्न गड होते, असे सांगतात. गढ्याजवळचा संग्रामसागर तलाव आजही त्याचे नाव सांगतो. त्याचा पुत्र दलपत शाह. कालिंजरच्या चंदेल राजघराण्यातील दुर्गावती ही दलपत शाहची राणी. सुमारे १५५० मध्ये पती निधन पावला, तेव्हा पुत्र वीरनारायण लहान होता. त्याच्या नावाने राणीने राज्यकारभार हाती घेतला आणि तो समर्थपणे चालविला. तिची राजधानी गढा नव्हे, तर सातपुड्यातील चौरागड येथे होती.

१५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान सैन्यासह चालून आला. नर्रई नाल्याजवळच्या लढाईत राणी हत्तीवर बसून लढली. बाण लागून ती घायाळ झाली. शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा मरण बरे, असे ठरवून तिने आपल्याच कट्यारीने जीवनाचा अंत केला. तो दिवस २४ जून. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल यानेही तिच्या शौर्याची नोंद केली आहे.

जबलपुरातील राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही नावे त्याच काळाची आठवण देतात. राणी, तिची दासी आणि तिचा मंत्री आधार कायस्थ यांच्या नावांनी हे तलाव ओळखले जात. आज ही शहरातील गजबजलेल्या वस्त्यांची नावे आहेत. टेकड्यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी पायथ्याशी अडवावे, म्हणजे उन्हाळ्यात विहिरींना पाणी राहते, ही जाण त्या तलावांमागे होती.

मराठी वाचकाचाही या भूमीशी संबंध आहे, आणि तो नेहमीच सुखद नाही. १७४२ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांनी मंडल्यावर स्वारी केली. त्या लढाईत गोंड राजा महाराज शाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य संपुष्टात आणले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. आपल्या पराक्रमाच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. दुसऱ्याच्या गडावर उभे राहिल्यावर त्याच कथेची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

(४)

उतरण्यापूर्वी आतल्या भिंती पाहिल्या आणि मन विषण्ण झाले. खिळ्याने, दगडाने कोरलेली नावे सर्वत्र होती. मदनमहालाच्या छायेत सोन्याच्या विटा पुरल्या आहेत, अशी एक दंतकथा या भागात पूर्वापार सांगितली जाते. तिच्या मोहाने येथे खणणारेही होऊन गेले, असे ऐकले. खजिन्याचा लोभी जमीन उकरतो आणि नावाचा लोभी भिंत. दोघांच्याही हाती काही लागत नाही, गड मात्र तेवढा झिजतो.

ती मुलगी एका कोरलेल्या नावावरून बोट फिरवीत होती. तिने विचारले, "आजोबा, हा कोणता राजा?"

आजोबा या वेळी हसले नाहीत. "हा राजा नव्हे, बाळ. हा आपल्यासारखाच पाहायला आलेला कुणीतरी."

प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ चा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु प्रत्येक भिंतीपाशी शिपाई उभा करता येत नाही. ज्यांनी हे ठाणे बांधले त्या गवंड्यांपैकी, येथे जागलेल्या पहारेकऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी भिंतीवर नाव लिहिले नाही. भिंत मात्र उभी केली, राखली. आता राखणीची पाळी आपली आहे.

शब्दार्थ

अजस्र – अतिशय मोठा. शिलाखंड – खडकाचा मोठा तुकडा. टेहळणी – लांबवर नजर ठेवणे. अश्वशाळा – घोड्यांची पागा. वंशावळ – कुळातील पिढ्यांची क्रमवार यादी. खट्टू होणे – हिरमुसणे. विषण्ण – खिन्न. विद्रूप करणे – रूप बिघडविणे.

भाषाभ्यास

पुढील वाक्ये वाचा :

(अ) समोर पाण्याचे एक टाके आहे.
(आ) येथे पहारेकरी राहत असावेत.
(इ) भूमीत सोन्याच्या विटा पुरल्या आहेत, असे म्हणतात.

पहिल्या वाक्यात प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट निश्चयाने सांगितली आहे. दुसऱ्या वाक्यात पुराव्यावरून काढलेले अनुमान आहे. तिसऱ्या वाक्यात ऐकीव गोष्ट असून तिची जबाबदारी लेखक स्वतःकडे घेत नाही. मुलीने आधी 'राहत असेल' म्हटले. गच्चीवरून पाहून आल्यावर ती 'राहत असावेत' म्हणाली. आधीच्या वाक्यात कल्पना होती, नंतरच्या वाक्यात पाहणीचा आधार होता.

आपण काय शिकलो?

- लहान वास्तूही तिचा हेतू समजला की मोलाची वाटू लागते.
- दंतकथा ऐकावी, पण ती इतिहास म्हणून सांगू नये.
- गड राखणे हे पाहणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. मदनमहाल हा राजवाडा नसून टेहळणीचे ठाणे असावे, या अनुमानाला पाठात कोणते आधार दिले आहेत?
२. 'खजिन्याचा लोभी जमीन उकरतो आणि नावाचा लोभी भिंत' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. रामनगरच्या शिलालेखातील जुनी नावे इतिहासकार जपून का स्वीकारतात?
४. तुमच्या परिसरातील एखादी जुनी वास्तू पाहा. तिच्याविषयी 'आहे', 'असावे' आणि 'म्हणतात' यांचा उपयोग करून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.