मासिक पाळीतील बदल : लाज नको, नोंद हवी



केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पाळीला 'विटाळ' मानणे ही अशीच ऐकीव गोष्ट. पाळी हा शरीराचा नैसर्गिक धर्म आहे.

प्रौढ स्त्रीची पाळी साधारणतः २१ ते ३५ दिवसांनी येते. मुलींमध्ये सुरुवातीची दोन-तीन वर्षे हे अंतर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. पाळी बंद होण्यापूर्वीची काही वर्षेही ती मागेपुढे होते. गर्भधारणा, थायरॉईडचे विकार, वजनातील मोठा बदल व मानसिक ताण हीदेखील कारणे असतात.

म्हणून पाळीच्या तारखेला कॅलेंडरवर खूण करावी व किती दिवस रक्त गेले ते लिहावे. पुढील लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे :

१) सात दिवसांहून अधिक रक्तस्राव
२) तासातासाला घडी वा पॅड बदलावे लागणे
३) तीन महिने पाळी न येणे
४) पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसणे

जास्त रक्त गेल्याने पंडुरोग होतो. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारींवरून २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. यातून धडा घ्यावा. "पिशवी काढा" असे कोणी म्हटले, तर आधी सोनोग्राफी व रक्ततपासणी करावी, औषधाने भागेल का ते विचारावे, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

भगिनींनो, दुखणे अंगावर काढू नका. जयभीम!